एल्वाचं पिंप

पेराल्ब गावात आन्सेल्म सार्दाचा द्राक्षमळा कुठला असं विचारलं, तर लोक बोट दाखवायचे कष्टही घेत नाहीत. "जिथं वेलीपेक्षा गवत उंच दिसेल, तो आन्सेल्मचा," एवढंच सांगतात आणि हसतात. वर हेही सांगतात, की ब्लांकेत, म्हणजे इथली बुडबुड्यांची वाइन, प्यावी तर त्याचीच. माणसाची जातच अशी. शेजाऱ्याची रीत पटत नाही, पण त्याच्या घरचं जेवण गोड लागतं.

आन्सेल्म साठी ओलांडलेला. उंच, पोक आलेला, आणि कान असे की लहानपणापासून सगळा गाव त्याला लांबकान्या म्हणत आलेला. त्याला राग पटकन यायचा, पण आलेल्या रागाला परत जायची वाट काही सापडायची नाही. बाकी माणूस लोण्यासारखा. वेलींच्या मधल्या गवतात पक्ष्यानं घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत तेवढी ओळ खुरपायची नाही, हा त्याचा नेम. मुलगी क्लेली म्हणायची, "बाबा, पुढच्या वर्षी पाखरांना पाट्या लावून दे, खोली नंबर एक, खोली नंबर दोन." त्यावर तो म्हणायचा, "लावल्या असत्या. पण तुझ्यासारखं त्यांनाही वाचता आलं, तर नखरे करतील."

खाली ओद नदीकाठी लिमू शहर आणि वर हा उतार. द्राक्षं मोझाक जातीची. पानाखाली पिठासारखी पांढरी लव असते आणि पिकलेल्या मण्याला सफरचंदाचा वास येतो. या द्राक्षांच्या ब्लांकेतमध्ये बुडबुडे कोणी घालत नाही, ते आपले आपण येतात. शरद ऋतूत रस फसफसायला लागतो, थंडी पडली की अर्ध्यावरच झोपी जातो. वसंतात त्याला जाग यायच्या बेतात असतानाच बाटलीत कोंडायचा, म्हणजे उरलेली धावपळ तो बाटलीतच करतो. भरायची वेळ ठरलेली, मार्चमधल्या वद्य पक्षात. चढत्या चंद्रावर भरली तर बाटल्या फुटतात, असं आन्सेल्मचा आजा सांगायचा. क्लेली शेतकीशाळेत शिकून आल्यावर एकदा म्हणाली, "बाबा, याचा चंद्राशी तसा काही संबंध नाही."

"बरं," आन्सेल्म म्हणाला, "चंद्राला कळव तसं. आपण मात्र वद्यातच भरू."

मळ्यात रान माजू द्यायचं खूळ त्याच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. त्याचा बाप या उतारावरचा छाटणीतला नामांकित हात. त्यानं छाटलेल्या वेली उभ्या राहून बघाव्यात अशा. शेजारच्या मळ्याचा एल्वा पेश हा आन्सेल्मच्याच वयाचा, जिवाभावाचा सोबती. त्याला कात्री कशी धरायची हे याच बापानं शिकवलं होतं. पुढे फवारणीचे पंप आले. गावातला पहिला पंप एल्वाच्या घरी आला आणि दोन्ही मळ्यांत तोच फिरायचा. भुकटी बादलीत कालवायला काठी असायची. काठी सापडली नाही, तर आन्सेल्मचा बाप सरळ कोपरापर्यंत हात घालायचा.

काही वर्षांनी त्याच हातांना कंप सुटला. आधी कात्री सुटली, मग चमचा. ग्लास उचलला की दारू टेबलावर सांडायची आणि म्हातारा पोरांकडे न बघता बाहीनं ती पुसायचा. आन्सेल्मची बायको नोएली शहाणी. एक दिवस काही न बोलता तिनं ग्लासाऐवजी निळ्या काठाचा मातीचा वाडगा पुढे ठेवला. वाडगा दोन्ही हातांनी धरता येतो. म्हातारा पुढची सगळी वर्षं त्यातूनच प्याला.

बाप गेला त्या वर्षी आन्सेल्मनं औषधांना कायमचा रामराम ठोकला. तणनाशक बंद, सगळं बंद. वेलींवर केवडा रोग आला तर थोडं मोरचूद, भुरी आली तर गंधक, हिवाळ्यात गवत खायला मेंढ्या. पहिल्या वर्षी केवड्यानं निम्मा मळा खाल्ला. लोक हसले. तो जिद्दीला पेटला.

आणि मग एल्वाशी बिनसलं. गावच्या कॅफेत, चारचौघांत, एल्वा म्हणाला, "आन्सेल्म, तुझ्या उकिरड्यातलं तण उडून माझ्या मळ्यात येतंय."

"आणि तुझं विष उडून माझ्या वेलींवर येतंय," आन्सेल्म म्हणाला.

"विष म्हणे! तुझ्या बापानं जन्मभर तेच मारलं."

"म्हणूनच त्याचे हात गेले. तुझ्याच पंपानं."

एल्वाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं ग्लास खाली ठेवला, टोपी उचलली आणि तो निघून गेला. आता आधी कोण बोलणार? एल्वा म्हणे, आरोप त्यानं केला. आन्सेल्म म्हणे, उकिरडा तो म्हणाला. तेव्हा क्लेली शाळेत जात होती. आता ती ट्रॅक्टर चालवते. तरी दोघांची तोंडं मिटलेलीच.

अबोला पाळायचा तोही शिस्तीत. बांधालगतच्या ओळीत काम करताना आन्सेल्म एल्वाच्या मळ्याकडे पाठ करूनच उभा राहायचा. मान अवघडली तरी चालेल, पण तिकडे बघायचं नाही. त्या ओळीवर एल्वाचा फवारा उडून येतो, म्हणून तिथली द्राक्षं सेंद्रिय मालात घालता येत नसत. ती वेगळी तोडायची, वेगळी पिळायची, वेगळ्या पिंपात ठेवायची. त्या पिंपावर आन्सेल्मनं खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'एल्वा'. तळघरात आलेल्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा. "हे बिघडलेलं पिंप. शेजाऱ्याची कृपा." विकायचा नाही, घरात प्यायचा. क्लेली म्हणायची, "बाबा, खरं सांगू? आपल्याकडची सगळ्यात चांगली हीच लागते." आन्सेल्म म्हणायचा, "तुझ्या जिभेला औषध लागलंय." आणि दुसरा ग्लासही त्याच पिंपातला भरायचा.

नोएली गेली तेव्हा एल्वा मातीला आला. सगळ्यांच्या मागे, सरूच्या झाडाखाली टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि कोणाशीही न बोलता परतला. आन्सेल्मनं त्याला पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त रडू कशाचं आलं, हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

पण या दोघांचं एकही वर्ष अगदीच न बोलता गेलं असं मात्र नाही. लिमूच्या माणसांनी त्याचीही सोय करून ठेवली आहे.

हिवाळ्याच्या मध्यापासून मार्चपर्यंत दर शनिवार-रविवारी लिमूच्या चौकात कार्निवलची सोंगं निघतात. कमानींखालून वाजंत्री संथ वाजत असते आणि सोंगं हात डोलवत या कॅफेतून त्या कॅफेत फिरत असतात. मुखवटा पूर्ण, हातमोजे चढवलेले, आवाज पातळ आणि किरटा. हातात रंगीत कागद गुंडाळलेली वेताची काठी. ती बघणाऱ्याच्या मानेवर टेकवायची आणि त्याची यथेच्छ टर उडवायची. नियम एकच, सोंगाला नावानं हाक मारायची नाही. आत कोण आहे हे शेंबड्या पोरालाही कळत असलं, तरी आपण ओळखलं नाही असंच वागायचं. मुखवट्यातला माणूस तेवढ्यापुरता कोणीच नसतो, मग त्याच्याशी बोललं तर अबोला मोडतो कुठे?

एल्वाचं सोंग ठरलेलं. त्याच्या आईचा तपकिरी घागरा, डोक्याला काळा रुमाल, पुढे नकट्या म्हातारीचा मुखवटा. डावा पाय जरा ओढत ही म्हातारी दरवर्षी न चुकता आन्सेल्मच्या टेबलापाशी यायची.

"ए लांबकान्या! तुझ्या मळ्यात एक मेंढी हरवली म्हणे! ऐन जानेवारीत गवतात शिरली ती अजून बाहेर नाही!"

"मेंढी सापडेल गं आजीबाई," आन्सेल्म म्हणायचा. "पण माझा एक शेजारी आहे, त्याच्या मळ्यात गांडूळ शोधायला दिवा घेऊन फिरावं लागतं!"

चौक हसायचा. म्हातारी काठीनं त्याचे कान हलवून पुढे जायची. त्या रात्री आन्सेल्म घरी आला की शीळ घालायचा. क्लेलीला त्याचं कारण माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिनं कधी दाखवलं नाही.

त्या हिवाळ्यात मात्र बातमी आली, की एल्वा मळा विकतोय. मुलगा नाही, मुलगी तुलूझला. तो आणि मोरिसेत, त्याची बायको, दोघंही तिकडेच जाणार. गिऱ्हाईक म्हणजे लांबची कुठलीशी कंपनी. यंत्रं आणणार आणि सगळा उतार एका दिवसात फवारून मोकळी होणार. एल्वाचा मळा वरच्या अंगाला. पाऊस पडला की वरचं सगळं खाली. मग एका ओळीवर थांबायचं नाही, आन्सेल्मचा निम्मा मळा सेंद्रियमधून जाणार. जे राहील त्यावर क्लेलीचं पोट चालायचं नाही. तुलूझमधली नोकरी सोडून पोर या मातीत परत आली होती.

"जा आणि बोल त्याच्याशी," क्लेली म्हणाली.

"कुठल्या तोंडानं?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

आन्सेल्म दोनदा बांधापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा गेलाच नाही. मग त्याला वाटलं, आपल्याकडे कार्निवल आहे की. जे तोंडावर मागता येत नाही ते मुखवट्याकडे मागू. शेवटचा रविवार उरला होता. अजून म्हातारी एकदाही दिसली नव्हती.

त्या दुपारी तो नेहमीच्या टेबलावर बसला. समोर ग्लास, शेजारी क्लेली. वाजंत्री आली, सोंगं आली, कागदाच्या टिकल्या हिमासारख्या उडाल्या. आणि सगळ्यात शेवटी तपकिरी घागरा दिसला. आन्सेल्मला हायसं वाटलं.

काठी मानेवर टेकली. "काय रे लांबकान्या! कान वाढले, अक्कल कधी वाढणार?"

"आजीबाई, आज चेष्टा नको," आन्सेल्म म्हणाला. "एक निरोप पोचवशील? तुझ्या ओळखीत एक एल्वा आहे."

"कोण एल्वा?"

"आहे एक गाढव."

"बरं. काय सांगू गाढवाला?"

"सांग, मळा विकू नकोस म्हणावं. वाट्यानं दे. माझी पोर कसेल. हात चांगला आहे तिचा, तिच्या आजोबाचा हात आहे. निम्मा माल त्याचा. हवं तर निम्म्याहून जास्त." आन्सेल्म थांबला. पुढचं त्यानं ठरवलेलं नव्हतं, ते आपलं आपणच बाहेर पडलं. "आणि म्हणावं, तू गेलास तर मी भांडू कुणाशी? नोएलीही गेली. आता तूही चाललास तर या डोंगरावर माझं म्हणून कोण राहिलं?"

म्हातारी गप्प उभी राहिली. एल्वाची म्हातारी कधी गप्प राहत नसे. मग तिनं पिशवीतून मूठभर टिकल्या काढल्या, आन्सेल्मच्या कोटाच्या खिशात घातल्या, खिसा हातमोज्यानं हळूच थोपटला आणि ती गर्दीत मिसळून गेली.

"नाही म्हणाला," आन्सेल्म पुटपुटला.

"बाबा," क्लेली सोंगाच्या पाठीकडे बघत होती, "एल्वाकाका डाव्या पायानं लंगडतो ना? ही म्हातारी आलटून पालटून दोन्ही पायांनी लंगडत होती."

"प्यायला असेल."

टिकल्या त्यानं घरी येऊनही झटकल्या नाहीत.

वद्य पक्ष लागला. कोरडी, थंड हवा पडली, बाटल्या भरायला हवी तशी. सकाळी क्लेलीनं बाटल्या धुऊन अंगणात उपड्या मांडल्या. आन्सेल्म पिंपाला नळी लावत होता. तेवढ्यात फाटकाशी एल्वाची जुनी गाडी येऊन थांबली. मोरिसेत गाडी चालवत होती. एल्वा उतरला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसून अंगणाच्या मध्यावर येऊन उभा राहिला. बारीक झाला होता.

क्लेली बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली.

"माझ्या बायकोला भर चौकात काय सांगितलंस रे?" एल्वा म्हणाला.

"तुझ्या बायकोशी मी बोललोसुद्धा नाही!"

"नाही कसा? 'आजीबाई, आजीबाई' करत होतास."

आन्सेल्मनं मोरिसेतकडे पाहिलं. तिनं घागरा धरल्यासारखे हात केले आणि किरट्या आवाजात म्हणाली, "ए लांबकान्या!" क्लेलीला हसू आवरेना. म्हणजे बाईचं सोंग घेणाऱ्या बाप्याचं सोंग घेऊन ही बाई नाचली होती, आणि आन्सेल्मनं आपलं काळीज तिच्यापुढे रिकामं केलं होतं. त्याचे कान लालबुंद झाले. ते कान लपवायची सोय नव्हती.

"खिसा थोपटला ना मी?" मोरिसेत म्हणाली. "आणखी कसं सांगायचं माणसानं?"

"ते मुखवट्याला विचारलंस," एल्वा म्हणाला. "आता मला विचार."

आन्सेल्मनं नळी खाली ठेवली. हात विजारीला पुसले. "एल्वा, मळा विकू नकोस. पोरीला वाट्यानं दे."

"त्यात 'गाढव' पण होतं म्हणे."

"ते तुला आधीच माहीत आहे."

"देतो," एल्वा म्हणाला. मग तो क्लेलीकडे वळला. "पण एक सांगून ठेवतो. बाकी मळा तुझ्या त्या सेंद्रियच्या कागदांप्रमाणे शुद्ध करायला काय वर्षं लागायची ती लागू देत. बांधालगतच्या तीन ओळींना काही करू नकोस. त्या आहेत तशाच शुद्ध आहेत."

"कशा काय?" आन्सेल्मनं विचारलं.

"त्यांच्यावर मी मारत नाही काही. त्या कॅफेतल्या दिवसापासून."

"पण गवताची काडी दिसत नाही तिथं!" क्लेली म्हणाली.

"कशी दिसेल?" मोरिसेत म्हणाली. "मी खुरपते ना! तुम्ही दुपारी जेवून घोरत असता तेव्हा. ह्याची ताकीद होती, लांबकान्याला कळता कामा नये, मी नमलो म्हणेल. फवाऱ्याला काय, तुझंच मोरचूद, तुझंच गंधक. तू किती घालतोस ते हा झाडाआडून बघायचा."

"तुझ्या बापानं मला कात्री धरायला शिकवली होती," एल्वा जमिनीकडे बघत म्हणाला. "तू म्हणालास ते मला झोंबलं, कारण ते मलाही वाटत होतं. सगळा मळा बदलायची छाती झाली नाही. तीन ओळी झाल्या."

एवढी वर्षं त्यानं त्या मळ्याकडे पाठ केली होती. एकदा, फक्त एकदा दुपारची झोप मोडून तिकडे मान वळवली असती तर उन्हात वाकलेली मोरिसेत दिसली असती. आणि पिंपावर खडूनं नाव लिहून तो गावभर हसत बसला होता. तो तळघरात गेला आणि गेल्या सालची, त्याच पिंपातली बाटली घेऊन आला. बूच उडालं. ग्लासात बुडबुडे वर धावले आणि सफरचंदाचा वास अंगणभर झाला.

"घे. तुझ्या नावाची आहे, आणि तुला अजून चवसुद्धा दाखवली नाही."

एल्वानं हात खिशातून काढले नाहीत. "नको रे. सकाळी सकाळी…"

"घे," मोरिसेत हळू आवाजात म्हणाली. "इथं काय लपवायचं?"

एल्वानं हात बाहेर काढला आणि ग्लास धरला. ग्लास थरथरायला लागला. त्यानं दुसरा हात लावला, तर तोही तसाच. निम्मी ब्लांकेत बोटांवरून बुटावर सांडली. त्यानं कोणाकडे न बघता बाहीनं मनगट पुसलं.

तो कंप आन्सेल्मच्या ओळखीचा होता. मळा का विकायला काढला, या साली काठी धरून नाचायला बायको का गेली, ते त्याला सगळं एकदम कळलं. इतकी वर्षं आपलं खरं ठरावं म्हणून तो भांडला होता. आता ते खरं ठरलं होतं आणि त्याला वाटत होतं, देवा, माझं खोटं ठरू दे, वाटेल ते घे.

तो काही न बोलता स्वयंपाकघरात गेला. वरच्या फळीवरून निळ्या काठाचा वाडगा काढला, धुतला आणि बाहेर आणला. एल्वाच्या हातातला ग्लास घेऊन त्यानं वाडगा त्याच्या दोन्ही हातांत दिला आणि बाटली वाकवली.

एल्वानं निळा काठ ओळखला.

"म्हाताऱ्याचा," तो म्हणाला.

"हं."

एल्वानं वाडग्यात डोकावून पाहिलं. "आणि निम्माच भरलास? वाटणी आत्तापासूनच सुरू का रे, लांबकान्या?"

आन्सेल्मनं वाडगा काठोकाठ भरला आणि सांडू नये म्हणून खालून आपला हात लावला.